फळ्यावरचा पासवर्ड

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत शिक्षकांसाठी कार्यशाळा झाली. विषय होता, पासवर्ड कसे निवडावेत आणि कुठे ठेवावेत. बोलायला आलेल्या बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, "पासवर्ड ठेवायची सगळ्यात वाईट जागा तुम्ही कुठली पाहिलीय?" कोणी म्हणालं मोबाइलच्या कव्हरमधली चिठ्ठी, कोणी म्हणालं फ्रिजचं दार. पाचवीच्या एका टीचरने नवऱ्याची कपाळपट्टी असं सांगून हशा मिळवला. मी गप्प बसले. माझं उत्तर या सगळ्यांच्या वरचं होतं, पण ते सांगितलं असतं तर पुढचा दीड तास त्यातच गेला असता. माझं उत्तर म्हणजे परुळेकर भाऊसाहेब.

शाळेच्या हेडक्लार्कला भाऊसाहेब म्हणायची आपल्याकडे रीत आहे. बोरिवलीच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा परुळेकर त्या खुर्चीत मुरलेले होते आणि मी सुपरवायझर झाले तेव्हाही तिथेच होते. बुटके, वाळके, कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बावीस किल्ल्या. माणूस दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायचा, आणि मुलं शिक्षकांना नाही इतकी त्या आवाजाला घाबरायची.

शाळेतली प्रत्येक वस्तू कुलपात असली पाहिजे हे भाऊसाहेबांचं जीवनकार्य होतं. खडू कुलपात, डस्टर कुलपात, नकाशे कुलपात. शब्दकोशसुद्धा कुलपात, कारण "मुलं पानं मळवतात". नवा खडू मागायला गेलं की आधी जुन्याचा तुकडा दाखवावा लागायचा. तो नखाएवढा असला तर ते नवा द्यायचे, तोही मोडून अर्धा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. संध्याकाळी गेटपर्यंत जायचे, थबकायचे, परत यायचे आणि चौथ्यांदा ओढायचे.

एकदा खो-खो खेळताना सातवीतली एक मुलगी पडली. गुडघा चांगलाच फुटला होता. प्रथमोपचाराची पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली भाऊसाहेबांच्या कमरेला. भाऊसाहेब संस्थेच्या कामाला सांताक्रूझला. आम्ही नळाखाली जखम धुतली, माझा रुमाल बांधला आणि तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. चार वाजता भाऊसाहेब परतले. झालेला प्रकार ऐकला. कपाट उघडून पेटी तपासली आणि समाधानाने म्हणाले, "बघा वैद्यबाई. एक पट्टी इकडची तिकडे झालेली नाय."

या माणसाची पूजा बांधणारे लोक शाळेत होते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. "भाऊसाहेब आहेत म्हणून शाळेला शिस्त आहे," असं दर गॅदरिंगला कोणीतरी माइकवर म्हणायचं.

त्यांचा दुसरा गर्व अक्षराचा. तो मात्र मला मान्य आहे. मराठी असो की इंग्रजी, त्यांचं अक्षर बघत राहावं असं होतं. प्रमाणपत्रांवरची नावं, दहावीच्या निकालाच्या दिवशी फळ्यावरचं अभिनंदन, मुख्याध्यापिकांच्या दारावरची पाटी, सगळं त्यांच्या हातचं. दुसऱ्या कोणी लिहिलेलं त्यांना खपत नसे. एका नव्या टीचरने हौसेने संमेलनाच्या पाकिटांवर पत्ते घातले, तर यांनी ती दीडशे पाकिटं फाडून नवी लिहिली. "अक्षर म्हणजे माणसाचं चारित्र्य," असं ते सांगायचे. तसं असतं तर परुळेकरांची पालखी निघाली असती.

मग शाळेत कॉम्प्युटर आला. पाठोपाठ सरकारी कामं ऑनलाइन झाली. विद्यार्थ्यांची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीचे अंतर्गत गुण, सगळ्यासाठी शाळेचं एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड. तो ठरवला भाऊसाहेबांनी. शाळेच्या नावाची पहिली पाच अक्षरं, पुढे अ‍ॅट, पुढे एक-दोन-तीन. शाळेचं नाव गेटवर दोन फुटी अक्षरांत रंगवलेलं आहे, तेव्हा निम्मा पासवर्ड रस्त्यावरून जाणाऱ्या बसलाही वाचता येत होता. दर तीन महिन्यांनी साइट म्हणायची की पासवर्ड बदला. भाऊसाहेब एकशे तेवीसचे एकशे चोवीस करायचे. पुढच्या वेळी एकशे पंचवीस. मी सांगते त्या काळात आम्ही एकशे अडतीसवर पोचलो होतो.

एवढं करूनही लोक विसरायचे. दिवसातून दहा वेळा कोणीतरी ऑफिसच्या खिडकीशी. शेवटी वैतागून भाऊसाहेबांनी उपाय काढला. स्टाफरूमच्या फळ्यावर, उजव्या कोपऱ्यात, ऑइलपेंटने एक चौकट आखली. चौकटीवर पेंटनेच लिहिलं, "पुसू नये. आदेशावरून." आदेश त्यांचाच. आणि चौकटीत, खडूने, आपल्या त्या देखण्या अक्षरात, पासवर्ड.

स्टाफरूमचं दार व्हरांड्यात उघडतं. व्हरांड्यात पाण्याचे नळ आहेत, तिथे मुलं बाटल्या भरतात. समोरच्या बाकावर पालक ताटकळतात. मी एकदा म्हटलंही, "भाऊसाहेब, हे सगळ्यांना दिसतंय."

"काय दिसतंय? कॉम्प्युटरवर टाकताना टिंबं दिसतात ना? मग?"

ही त्यांची अक्कल. टाइप करताना पडद्यावर टिंबं उमटतात, म्हणजे पासवर्ड आपोआप लपला. ज्याचं वजन कमरेला जाणवत नाही ते चोरीला जाऊच शकत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. खडूची चोरी होते. पासवर्ड कोण कशाला चोरेल? तो खाता येतो का?

ओटीपीचा तर जाहीर लिलाव व्हायचा. तो मुख्याध्यापिकांच्या मोबाइलवर यायचा आणि बाई असायच्या वरच्या मजल्यावर तासाला. भाऊसाहेब मैदानात उभे राहून ओरडायचे, "बाई, सहा आकडे सांगा!" बाई गॅलरीतून एकेक आकडा सांगायच्या. खाली कवायतीला उभी असलेली सहावी क तो पाढ्यासारखा सुरात म्हणायची.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. हसत होते, पण मान वळवून त्याच कोपऱ्याकडे बघत तीन वर्षं गुण भरले मीही. सोय होती ना.

अशात ग्लोरिया डिमेलो आली. गोराईची, तिथल्या जुन्या गावातली. घरी थोडी शेती, थोडी मासेमारी, आणि घरात पहिलीच पदवीधर. कॉम्प्युटर टीचर म्हणून कंत्राटावर, वर्षावर्षाने नूतनीकरण. बोलायला फटकळ, कामाला वाघ. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने फळा बघितला आणि कपाळावर हात मारला. "काय यार हे! बाई, हे खरंच चालू आहे की गंमत आहे?"

तिने मुख्याध्यापिकांकडून स्टाफ मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं मागून घेतली. सांगितलं ते सरळ होतं. शाळेचं नाव, मुलांची नावं, जन्मतारखा, ओळीने आकडे, हे काही नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. लांब पासवर्ड फोडायला कठीण, आणि शब्द असले की लक्षात राहतो. "समजा, सुकट, जिना, टोपी, मंगळवार. कोण ओळखेल?" प्रत्येक साइटला वेगळा. सगळे लक्षात राहत नसतील तर ते कुलपात ठेवणारं अ‍ॅप मोबाइलवर मिळतं, त्याचा एकच मोठा पासवर्ड पाठ करायचा. ज्यांना गुण भरायचेत त्यांना शक्य तिथे वेगवेगळं लॉगिन. आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, ओरडून तर नाहीच.

भाऊसाहेब लाल झाले होते. राग आला की ते मालवणीवर यायचे. "आमी चोर आसंव काय? गो बाय, ही शाळा आसा, तिजोरी न्हय."

"मग खडूला कुलूप कशाला, भाऊसाहेब?"

दोघं-तिघं खोकल्याचं निमित्त करून हसली. ग्लोरिया नमतं घेत म्हणाली, "बरं, अ‍ॅप नको. कागदावर लिहा. पण तो कागद तुमच्या कपाटात ठेवा, बास. एवढ्या किल्ल्या आहेत तुमच्याकडे."

"आणि कोणाला लागला की दर वेळी मी उठू?"

हे त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं. खडूच्या अर्ध्या तुकड्यासाठी दिवसातून पन्नास वेळा उठणारा माणूस.

ग्लोरियाने तरीही मुख्याध्यापिकांच्या परवानगीने पासवर्ड बदलला. तो पाच दिवस टिकला. स्टाफने बोंब मारली, लांब आहे, बोटं दुखतात, चुकतो. सहाव्या दिवशी भाऊसाहेबांनी 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं, मैदानातून सहा आकडे मागवले आणि जुना परत आणला. चौकटीत पुन्हा खडू फिरला.

त्याच वर्षी दहावीचे अंतर्गत गुण भरून झाले. बोर्डाकडे जायच्या आधी मी छापील यादी माझ्या रजिस्टरशी ताडून बघितली. ती माझी सवय आहे, त्यात थोरपण नाही. माझ्या वर्गातल्या चार मुलांचे गणिताचे गुण रजिस्टरपेक्षा जास्त होते. एकाचे अकराचे अठरा. कोणीतरी मागाहून शिरून बदलले होते. कोणी? साइटवर नोंद एकाच नावाची: शाळा.

संस्थेत कोणी कळवलं ठाऊक नाही, पण दोन दिवसांत संशयित ठरलीसुद्धा. कॉम्प्युटरवर झालंय ना, मग कॉम्प्युटरवालीनेच केलं असणार. शिवाय मीटिंगमध्ये ती बोललीच होती की असं कोणीही करू शकेल. कंत्राट रद्द करायचं आणि अनुभवाच्या दाखल्यावर तसा शेरा मारायचा, असं तोंडी ठरलं. असा शेरा असलेल्या टीचरला मुंबईत एक शाळा दारात उभी करणार नाही. ग्लोरिया स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसली होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, माझी वाट लागली. घरी काय सांगू? ज्याला बोंबलून नको म्हटलं, त्याच्यासाठीच मला काढतायत."

चौकशीला संस्थेच्या दिघे मॅडम आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, लहानशा चणीच्या, प्रश्न विचारून गप्प बसणाऱ्या. मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही पाच जण: मुख्याध्यापिका, दिघे मॅडम, भाऊसाहेब, ग्लोरिया आणि रजिस्टर घेऊन मी.

"पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता?"

भाऊसाहेबांनी छताकडे बघितलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. "मला," ते म्हणाले. "आणि कॉम्प्युटर टीचरना."

ग्लोरिया उभीच राहिली. "भाऊसाहेब! फळ्यावर होता ना!"

"कुठल्या फळ्यावर?"

मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, खालीच आहे फळा. जिना उतरला की स्टाफरूम. बघून घ्या."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तसं ते खडूचोरांकडे बघायचे.

आम्ही खाली आलो तेव्हा स्टाफरूम शिक्षकांनी भरलेली होती. फळा सकाळीच पुसलेला होता. पण चौकट ऑइलपेंटची, ती कशी जाणार? रिकामी चौकट आणि वर ठसठशीत, "पुसू नये. आदेशावरून."

"इथे काय असतं?" मॅडमनी विचारलं.

"सुविचार," भाऊसाहेब म्हणाले.

"सुविचार पुसायचा नाही?"

"चांगला असला तर नाय."

मॅडम हसल्या नाहीत. जवळ गेल्या, मान तिरकी केली. वर्षानुवर्षं त्याच जागी तीच अक्षरं गिरवली की फळ्यावर त्यांचा पांढुरका डाग राहतो, कोरड्या डस्टरने तो निघत नाही. खिडकीतून आडवं ऊन येत होतं. मॅडमनी एकेक अक्षर सावकाश वाचलं. शाळेचं नाव, अ‍ॅट, एक. पुढच्या दोन आकड्यांच्या जागी मात्र नुसता ढग होता, कारण तेच तेवढे बदलायचे.

"अक्षर कोणाचं हे?"

मॅडम ग्लोरियाकडे वळल्या. त्या मुद्दाम बोलल्या की सहज, हे मला आजही सांगता येणार नाही. म्हणाल्या, "टीचर, तुमचं का? सुरेख आहे हो. हा कॅपिटल व्ही तर फारच सुरेख."

मी भाऊसाहेबांकडे बघत होते. ओठ आवळलेले. मान ताठ. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. आठ महिने, पेन्शन, निरोपाचा समारंभ, सगळं त्या गप्प राहण्यात होतं. नुसता होकार दिला असता तर पोरगी कायमची बुडाली असती आणि हे तरले असते.

"त्यांचं?" भाऊसाहेबांचा आवाज फाटला. "अहो, त्या टीचर व्ही काढतात तो चिमट्यासारखा! हा बघा. ही सुरुवात बघा, केसासारखी. वळणावर जाड, पुन्हा बारीक. साध्या खडूने काढलाय. अख्ख्या संस्थेत एकाला काढून दाखवू दे. माझं अक्षर आहे ते!"

मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मीही तिथूनच बघून गुण भरलेत," मी म्हटलं. आता म्हणायला फारशी हिंमत लागत नव्हती, हेही सांगून टाकते. मग एकेक करून सगळेच म्हणाले.

दिघे मॅडम भाऊसाहेबांना म्हणाल्या, "लिहून द्याल?"

दिलं. समास सोडून, शीर्षकाखाली रेघ ओढून.

लोक नंतर म्हणाले, भाऊसाहेबांच्या सदसद्विवेकबुद्धीने वेळेवर साद दिली. छे. सत्याची चाड वगैरे काही नव्हती. आपल्या व्हीचं श्रेय दुसऱ्याला जातंय हे सोसलं नाही, इतकंच. ग्लोरिया वाचली ती या माणसाच्या गर्वामुळे, आणि गोत्यात आली होती तीही त्याच्याच गर्वामुळे. ग्लोरियावरचा ठपका गेला, कंत्राट राहिलं. गुण माझ्या रजिस्टरवरून दुरुस्त झाले. भाऊसाहेबांना आणि मुख्याध्यापिकांना मेमो मिळाला. मला मिळाला नाही, खरं तर मिळायला हवा होता. गुण बदलले कोणी, ते आजतागायत कळलेलं नाही. चाळीस शिक्षक, पाण्याला येणारी शेकडो मुलं आणि बाकावरचे पालक, यांतून कोणाला धरणार?

भाऊसाहेबांनी ग्लोरियाची माफी कधीच मागितली नाही. उलट आठवड्याभरात सांगत फिरू लागले, "मीच वाचवली पोरीला. माझी नोकरी डावावर लावून." मी संतापले. ग्लोरिया खांदे उडवून म्हणाली, "असू दे ना बाई. वाचले तर खरी."

त्यानंतर लॉगिनची व्यवस्था ग्लोरियाकडे आली. गुण भरणाऱ्यांना तिने वेगवेगळी लॉगिनं करून दिली, मुख्य लॉगिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवला आणि त्याची एक प्रत पाकिटात सील करून मुख्याध्यापिकांच्या ताब्यात दिली. बोटं कोणाचीही तुटली नाहीत.

भाऊसाहेबांचा शाळेतला शेवटचा दिवस मला नीट आठवतो, कारण चार्ज देण्या-घेण्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही होती. त्यांच्या जागी नवा माणूस अजून नेमला नव्हता, म्हणून तात्पुरता चार्ज ग्लोरियाने घेतला. ऑफिसात आम्ही तिघंच होतो. वस्तू दाखवायची, मोजायची, खूण करायची, असं दोन तास चाललं. सगळ्यात शेवटची ओळ होती, शाळेचं लॉगिन.

"पासवर्ड सांगा," भाऊसाहेब पेन उचलून म्हणाले. "यादीत लिहायचा आहे."

"तो लिहायचा नसतो, भाऊसाहेब."

"मग चालू आहे हे मी कशावरून लिहू? मी न बघता सही करत नाय. उघडून दाखवा."

ग्लोरिया कॉम्प्युटरसमोर बसली. साइट उघडली, हात कीबोर्डवर ठेवले आणि थांबली. भाऊसाहेब तिच्या खांद्यामागे चष्मा सावरत उभे होते. ती वळून त्यांच्याकडे बघेना की टाइप करेना.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तोंड फिरवा."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सहीच्या रकान्यात डोकं घातलं. क्षणभर वाटलं, आता मालवणी सुरू होणार. पण ते वळले. भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून, शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे राहिले. कीबोर्ड वाजत राहिला.

"झालं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"नाही अजून."

ते तसेच उभे राहिले.